टिलर हातात घेण्याआधी

पोहता येतं, होडी वल्हवता येते, दुचाकी तर शाळेत असल्यापासून चालवतो. मग ओबीएम, म्हणजे होडीच्या मागे लावलेलं इंजिन, चालवणं काय अवघड, असं मालवण-देवबागकडे सीझनला नव्याने कामाला लागणाऱ्या प्रत्येक पोराला वाटतं. टाकीचा व्हेंट (हवेचं भोक) उघडणं, तेलाच्या नळीवरचा रबरी बल्ब कडक होईपर्यंत दाबणं, चोक, सुरू करायची दोरी, इंजिन सुरू झाल्यावर पाण्याची धार पडते का बघणं, हे पटकन येतं. टिलर म्हणजे इंजिनाचा दांडा, त्यानेच बोट वळते आणि त्याच्या टोकाची मूठ फिरवून वेग कमीजास्त होतो. टिलर डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, हे अंगवळणी पडायला मला फार वेळ लागला. जेट्टीवर सगळ्यांसमोर बोट उलटीकडे वळली की आतून मेल्यासारखं व्हायचं. तुम्हालाही होईल. पण तेही जमतं, काळजी करू नका.

धोका दुचाकीच्या सवयीत आहे. दुचाकीची मूठ सोडली की स्प्रिंगने मागे येते आणि वेग उतरतो. टिलरची मूठ बहुतेक इंजिनांवर जिथे सोडली तिथेच राहते. शिवाय तिला घट्ट करायचा एक स्क्रू असतो. लांब जाणारे मच्छीमार हात दुखू नये म्हणून तो आवळतात. नव्या माणसाने तो ढिलाच ठेवावा, यावर माझ्याशी वाद घालू नका.

आता नीट वाचा. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे ओहोटीचं पाणी बाहेर ओढतं, समोरून लाट येते आणि बोटीचं तोंड एकदम वर जातं. अंग मागे फेकलं जातं, आणि हात सापडेल ते धरतो. हातात टिलर असतो. मनगट वळतं, मूठ फिरते. ती कमीकडे फिरली तर वाचलात. वाढली तर बोट झेपावते, अंग आणखी मागे जातं, पकड आणखी घट्ट होते, वेग आणखी वाढतो. माझ्याबाबतीत असंच झालं. बोटं उघडायला तयारच नव्हती. तांडेलाने, म्हणजे बोटीच्या मुख्य खलाशाने, माझ्या मांडीजवळची किल स्विचची लाल दोरी खेचली म्हणून इंजिन थांबलं.

नंतर बरेच जण म्हणाले, हात सोडायचा होतास. नाही! हात सोडला तर वेग तसाच राहतो आणि टिलर मोकळा होतो. पंख्याच्या जोराने इंजिन एका बाजूला वळतं आणि बोट गोल फिरायला लागते. त्या धक्क्यात तुम्ही पाण्यात पडलात तर तीच बोट, तोच पंखा, वळसा घालून तुमच्याकडे येतो. म्हणून मार्ग दोनच: मूठ कमी करणं, ते जमत नसेल तर मोकळ्या हाताने किल स्विचची दोरी ओढणं. टिलर हा आधाराचा दांडा नाही. आधाराला दुसरा हात, बोटीच्या काठावर किंवा फळीवर. टिलरचा हात कोपरात सैल.

किल स्विचच्या दोरीचं एक टोक क्लिपने स्विचला लागतं, ती निघाली की इंजिन बंद. दुसरं टोक गुडघ्याच्या वर किंवा लाइफ जॅकेटला पक्कं अडकवा, शर्टाच्या बटणाला नव्हे. रोज निघण्याआधी इंजिन मंद चालू ठेवून क्लिप ओढा. बंद पडलं नाही तर बोट काढू नका. ऊन आणि खाऱ्या वाऱ्याने ती प्लास्टिकची क्लिप तडकते. एक जादा क्लिप बोटीत हवीच, कारण पडलेला माणूस क्लिप घेऊन पडतो आणि मागे राहिलेल्यांना त्याला आणायला इंजिन सुरू करता येत नाही. स्विचखाली काहीतरी कोंबून दोरीची कटकट संपवणारे उस्ताद भेटतील. त्यांच्याकडून मासे कुठे मिळतात ते शिका, इंजिन शिकू नका. अमेरिकेत 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांखालच्या, किल स्विच असलेल्या हौशी मोटरबोटी वेगात चालवताना ही दोरी लावणं कायद्याने सक्तीचं आहे. आपण कायद्याची वाट कशाला बघायची? ताबा सुटलेली बोट विचार करायला वेळ देत नाही. 18 डिसेंबर 2024 ला मुंबई बंदरात नौदलाची स्पीडबोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली तेव्हा स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती.

गियरचं थोडक्यात. सुरू करताना मूठ ‘स्टार्ट’च्या खुणेवर असते, ती पूर्ण कमी केल्याशिवाय गियर टाकू नका, नाहीतर उभा प्रवासी सरळ पाण्यात. फॉरवर्डवरून रिव्हर्सला जाताना न्यूट्रलवर थांबा, बोटीचा वेग मरू द्या. गियर मात्र एका झटक्यात टाका. हळूहळू सरकवलात तर आतले दाते खर्रकन घासतात आणि खर्च मालकाचा, शिव्या तुम्हाला. रिव्हर्समध्ये जोर देऊ नका, मागून पाणी आत येतं.

आणि स्नॉर्केलिंगचे पाहुणे शिडीजवळ आले की न्यूट्रल पुरत नाही. कुणाचा तरी गुडघा लिव्हरला लागतो आणि पंखा फिरतो. इंजिन बंद, क्लिप काढून हातात, मगच शिडी खाली.

ओरडणारा तांडेल चालेल, पण हातात टिलर देऊन मोबाइल बघत बसणारा नको. सुरुवातीला पाणी थांबलेलं असताना, भरती संपून ओहोटी लागायच्या आधी, रिकामी बोट घेऊन खाडीत जा. मंद वेगात बोट सरळ ठेवा आणि तांडेलाला सांगा, न सांगता मध्येच ‘ओढ!’ म्हणून ओरड. डोळे पुढे, हात न शोधता दोरीवर जाईपर्यंत हेच करत राहा, प्रवासी नंतर.