केशर चहा: काड्या दिसतात, पण केशराची चव लागत नाही? या चुका टाळा

केशराच्या चहाबद्दलची नेहमीची तक्रार अशी, की डबी चांगली महागाची आणली, कपात काड्याही तरंगताहेत, पण घोट घेतला की चव रोजच्याच चहाची. कधी उलटंही होतं. चहा कडू लागतो, औषधासारखा. बहुतेक वेळा दोष केशराचा नसतो, घाईचा असतो. केशराला आच कमी आणि वेळ जास्त लागतो. आपला चहा नेमका याच्या उलट चालतो: मोठी आच, खळखळ उकळी, लगेच गाळणी.

काड्या थेट पातेल्यात टाकणं

सगळ्यात जास्त केशर इथे वाया जातं. केशरातला रंग क्रोसिनमुळे येतो, कडवटपणा पिक्रोक्रोसिनमुळे आणि वास सॅफ्रनालमुळे. क्रोसिन पाण्यात विरघळतं, पण वाळलेल्या काडीतून बाहेर पडायला त्याला अवधी लागतो. सॅफ्रनाल मात्र वाफेबरोबर उडून जातं. पाच मिनिटं उकळलेल्या चहातून घरभर दरवळ सुटला तर खूश होऊ नका, तो कपात राहायला हवा होता.

दोन कपांसाठी (कप साधारण 150 मिलीचा) 12 ते 15 काड्या घ्या. काड्या दमट वाटल्या तर कढलं किंचित गरम करून गॅस बंद करा आणि काड्या त्यात अर्धा मिनिट ठेवा. गॅस चालू असताना ठेवल्या तर त्या काळपट पडतात आणि जळका वास येतो, मग त्यांचं काही होत नाही. काड्या कोरड्या झाल्या की छोट्या खलात चिमूटभर साखर घालून खला. साखरेचे कण काडीला धरून ठेवतात, नाहीतर काड्या बत्त्याखालून नुसत्या सरकत राहतात. इराणमध्येही केशर असंच साखरेबरोबर कुटतात.

आता उकळलेलं पाणी वाटीत काढून मिनिटभर थांबा. त्यातलं 3 टेबलस्पून पाणी केशरावर घाला आणि 15 ते 20 मिनिटं झाकून ठेवा. काड्या अख्ख्याच ठेवायच्या असतील तर अर्धा तास लागेल. केशर कोमट दुधात भिजवलं तरी चालतं, पण पाण्यात रंग लवकर सुटतो. तेला-तुपात मात्र क्रोसिन उतरत नाही, त्यामुळे आधी तुपात परतायचा प्रयोग नको. चहा गाळून कपात ओतला की मगच हे केशरपाणी घाला आणि त्यानंतर चहा पुन्हा गॅसवर चढवू नका.

चहा पावडर नेहमीएवढीच घालणं

दाणेदार चहा पावडर दोन कपांना दोन चमचे घालून कडक उकळली, की तिच्यापुढे केशराचा टिकाव लागत नाही. पिवळा रंग तपकिरीत बुडतो आणि चवीत फक्त चहाचा तुरटपणा उरतो. दुधाचा चहाच हवा असेल तर पावडर निम्मी करा. एक कप पाण्यात एक सपाट चमचा पावडर दोनच मिनिटं उकळा, एक कप दूध वेगळं तापवून त्यात मिसळा, गाळा आणि वरून केशरपाणी घाला. पानाचा चहा मिळाला तर आणखी बरं.

आलं वगळाच. ते केशराचा वास दाबून टाकतं. शिवाय कच्चं आलं किसून न उकळलेल्या दुधात टाकलं तर त्यातल्या एन्झाइममुळे दूध फाटू शकतं, आणि नाव केशराचं निघतं. केशरामुळे दूध फाटत नाही. गूळ घातला तर रंग मातकट होतो, म्हणून साखर किंवा खडीसाखर बरी. मध घालायचा तर सौम्य वासाचा घाला आणि चहा पिण्याइतका निवल्यावर घाला.

कहवा करताना पानं उकळत ठेवणं

खरं सांगायचं तर केशराला दुधाच्या चहापेक्षा काश्मिरी कहवा (दुधाशिवायचा, मसाल्याचा ग्रीन टी) जास्त मानवतो, कारण त्यात रंग झाकणारं काहीच नसतं. पण घरी केलेला कहवा हमखास कडू होतो तो ग्रीन टीमुळे. आपण चहा उकळतो त्याच सवयीने ही पानंही उकळली जातात आणि सगळा तुरटपणा पाण्यात उतरतो.

दोन कपांना 350 मिली पाणी, इंचभर दालचिनी आणि दोन ठेचलेले हिरवे वेलदोडे घेऊन 4 मिनिटं उकळा. गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा. मग एक सपाट चमचा ग्रीन टीची पानं घाला, दोन मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. त्यात केशरपाणी आणि साखर घाला. कपात आधीच चार-पाच बदामांचे काप टाकून ठेवलेले असू द्या. लवंग घालायचीच असेल तर एकच. तीन-चार लवंगा पडल्या की तो लवंगेचा काढा होतो.

बोअरचं जड पाणी वापरलं तर कहव्याचा रंग गढूळ येतो आणि वर पातळ तवंग धरतो. आरओ फिल्टरचं पाणी घेतलं की हा त्रास जातो. आणि काश्मीरचा गुलाबी नून चाय वेगळा. त्याचा रंग खायच्या सोड्याने येतो, केशराने नाही.

जास्त केशर म्हणजे जास्त चव, असं समजणं

कपाला सहा-सात काड्या पुरतात. चिमूटभर उचलून टाकलं तर पिक्रोक्रोसिनचा कडूपणा वर येतो. एका ग्रॅमला सुमारे 150 फुलं लागतात आणि प्रत्येक फुलात तीनच काड्या असतात, म्हणजे ग्रॅमभराच्या डबीत साधारण 450 काड्या झाल्या. या मापाने एक डबी साठेक कपांना पुरायला हवी. तुमची आठवड्यात संपत असेल तर काड्या मोजून टाका. रंग कमी वाटला तर काड्या वाढवण्याआधी भिजवण्याचा वेळ वाढवून पाहा.

गरोदरपणात केशर-दूध प्यायल्याने बाळ गोरं होतं, या समजाला काही आधार नाही. त्या काळात चहातल्या मोजक्या काड्यांपलीकडे काही घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.

मुळात डबीतच गडबड असणं

वर सांगितलेलं सगळं नीट करूनही वास आला नाही, तर केशर तपासा. पाच-सहा काड्या कोमट पाण्यात टाका. अस्सल केशर सावकाश रंग सोडतं, पाणी सोनेरी-पिवळं होतं आणि काडी बराच वेळ लालच राहते. टाकताक्षणी लाल रंग सुटला आणि काडी पांढरी पडली, तर ती रंगवलेली आहे. भिजलेल्या काडीचा आकारही बघा. एक टोक बारीक आणि दुसरं तुतारीसारखं उघडलेलं हवं. मक्याच्या कणसाचे रंगवलेले केस सरळ दोऱ्यासारखे दिसतात. करडईच्या पाकळ्याही केशर म्हणून खपवल्या जातात. सोलापूर-मराठवाड्याकडच्या माणसाला त्या ओळखायला अडचण येऊ नये.

काड्या कागदाच्या घडीत दाबल्यावर तेलकट डाग उठला तर वजन वाढवायला काहीतरी चोळलेलं असतं. पूड विकत घेऊच नका, पुडीत काय आहे ते डोळ्यांना कळत नाही.

काश्मिरी केशर घेताना मोगरा आणि लच्छा हे दोन शब्द ऐकू येतील. मोगरा म्हणजे फक्त लाल भाग. लच्छ्याला खालचा पिवळा देठ असतो. त्या देठाला रंग-वास फारसा नसतो, म्हणून लच्छा स्वस्त. तो खोटा नव्हे, फक्त चहात थोडा जास्त घालावा लागतो. पांपोरच्या परिसरात केशराची तोडणी ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत चालते. काश्मिरी केशराला 2020 मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, पाकिटावर ते दिसतं का पाहा.

डबी गॅसजवळ ठेवणं

उजेड, उष्णता आणि दमटपणा या तिन्हींनी केशर मरतं, आणि आपल्याकडे ओट्यावरच्या मसाल्याच्या फडताळात तिन्ही एकत्र असतात. घट्ट झाकणाची काचेची छोटी बाटली अंधाऱ्या कपाटात ठेवा. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात ती आणखी एका हवाबंद डब्यात घाला. फ्रिजमध्ये ठेवलीत तर बाहेर काढल्याबरोबर उघडू नका. आत दव धरतं आणि काड्या लिबलिबीत होतात. चांगली काडी बोटांत वाकवली की कट्कन मोडते. काड्या काढताना चमचा कोरडाच हवा.

केशरपाणी उरलं तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. अख्ख्या काड्या भिजवल्या असतील आणि केशरपाणी गाळताना गाळणीत राहिल्या, तर त्या फेकू नका. त्यांच्यात अजून रंग असतो, संध्याकाळच्या शिऱ्यात घाला.