स्तोत्रं वाचू नका, त्यांतून प्रार्थना करा: २८ दिवसांची एक पद्धत

पुष्कळ ख्रिस्ती घरांत रोजची प्रार्थना होते, पण काही महिन्यांनी ती ठरावीक वाक्यांवर येऊन थांबते. ‘प्रभू, आजच्या दिवसाबद्दल धन्यवाद, सगळ्यांना सांभाळ, आमेन.’ यात चूक काही नाही. फक्त मनात जे खरोखर चाललेलं असतं, म्हणजे घराचा हप्ता, रिपोर्टची वाट, भावाशी तुटलेलं बोलणं, ते यात कुठेच येत नाही. देवापुढे ते आणलंच नाही, तर त्या बाबतीत त्याच्यावर भरवसा ठेवायला शिकणार कसं?

यावर ख्रिस्ती मंडळीने शतकानुशतकं वापरलेला उपाय म्हणजे स्तोत्रसंहिता, बायबलमधलं स्तोत्रांचं पुस्तक. १५० स्तोत्रं, आणि त्यांतली खूपशी तक्रारीची. येशूने वधस्तंभावर उच्चारलेले शब्दही इथलेच आहेत: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही २२व्या स्तोत्राची पहिली ओळ, आणि ‘मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो’ हे ३१व्या स्तोत्राचं पाचवं वचन. त्याने जी प्रार्थना वापरली ती आपल्यालाही उसनी घेता येते.

कोणती स्तोत्रं घ्यायची

पहिल्या स्तोत्रापासून ओळीने सुरुवात केली तर बहुतेकांचा उत्साह विसाच्या आत मावळतो, कारण शत्रू, तलवारी, युद्ध यांची भाषा लागोपाठ येते. त्याऐवजी ही चौदा घ्या: १, ३, ४, १३, २३, २७, ३२, ४२, ५१, ६२, ७३, १२१, १३०, १३१. प्रत्येकाला दोन दिवस द्या. पहिल्या दिवशी स्तोत्र ओळखीचं होतं, दुसऱ्या दिवशी ते तुमचं होतं. एका दिवसात एक उरकण्याचा मोह टाळा.

बायबल सोसायटीचं रूढ भाषांतर पाठ करायला आणि मोठ्याने म्हणायला उत्तम, कारण त्याला लय आहे. अर्थ अडला तर सोप्या मराठीतलं भाषांतर शेजारी ठेवा. साध्या माणसाला, विशेषतः कमी शिकलेल्या बायकांना शास्त्र कळावं म्हणून पंडिता रमाबाईंनी केडगावला राहून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झालं. सोपं भाषांतर वापरणं म्हणजे कमी प्रतीची भक्ती, असं मनात आणू नका.

जुन्या कॅथलिक पुस्तकांतून वाचत असाल तर क्रमांक तपासा. तिथे ९वं आणि १०वं स्तोत्र एकच धरलेलं असतं, त्यामुळे पुढचे बहुतेक क्रमांक एकाने मागे असतात. ५१वं तिथे ५०वं म्हणून सापडेल.

रोजची वीस-पंचवीस मिनिटं

वेळ ठरलेली हवी आणि जागाही. पहाटेच हवं असं नाही. रात्रपाळी करणाऱ्याने पाळी संपल्यावर बसावं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि छापील बायबल घ्या. फोनवर वाचताना वरून एक मेसेज उतरला की मन गेलंच.

पहिली दोन मिनिटं काही मागू नका. नुसतं बसा आणि एकच वाक्य म्हणा: ‘प्रभू, मी तुझ्यापुढे आहे.’

मग स्तोत्राचा मथळा वाचा. पुष्कळ जण तो सोडून देतात, पण संदर्भ तिथेच असतो. ३ऱ्या स्तोत्राच्या मथळ्यात दावीद राजा आपला मुलगा अबशालोम याच्यापासून पळत असल्याचं सांगितलं आहे. ती हकिकत २ शमुवेल १५ मध्ये आहे. ५१व्याच्या मथळ्यात नाथान संदेष्टा आणि बथशेबा आहेत. त्यासाठी २ शमुवेल ११ आणि १२ वाचा. पोटचा पोरगा जिवावर उठलेला असताना ‘मी अंग टाकले व झोपी गेलो’ असं म्हणणारा माणूस कोण, हे कळलं की ३ऱ्या स्तोत्राच्या पाचव्या वचनाचं वजन एकदम वाढतं.

पहिलं वाचन मोठ्याने आणि सावकाश करा. जवळजवळ प्रत्येक वचनाचे दोन भाग असतात. दुसरा भाग पहिल्याला दुजोरा देतो, पुढे नेतो किंवा उलटवतो. दोन भागांच्या मध्ये एक श्वास थांबा. ‘सेला’ आला की आणखी थोडं थांबा. तो बहुधा गायन-वादनाचा इशारा होता; आपल्यासाठी ती थांबायची जागा म्हणून पुरेशी आहे.

दुसऱ्या वाचनात पेन्सिल हातात घ्या आणि प्रत्येक वचनाशेजारी खूण करा: हे देवाशी बोलणं आहे, देवाविषयी बोलणं आहे, की स्वतःच्या जिवाशी? २३व्या स्तोत्रात पहिली तीन वचनं देवाविषयी आहेत, ‘तो मला चालवितो’ अशी. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी येते आणि तिथेच ‘तो’ चा ‘तू’ होतो. संकटात माणूस देवाविषयी बोलणं सोडून देवाशी बोलू लागतो, हे खूण केल्याशिवाय सहसा लक्षात येत नाही.

४२व्यात तिसरा प्रकार भेटतो: ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? तू आतल्या आत का तळमळत आहेस?’ काळजीने ग्रासलेलं मन दिवसभर आपल्याला काहीबाही ऐकवत असतं. इथे स्तोत्रकर्ता उलट मनालाच प्रश्न विचारतो आणि देवाची आशा धरायला सांगतो. एकदा सांगून भागत नाही. तेच वाक्य ४२व्यात दोनदा आणि ४३व्यात पुन्हा एकदा येतं. तुम्हालाही पुन्हा पुन्हा सांगावं लागलं तर विश्वास कमी पडला असं समजू नका.

तिसरं वाचन हीच प्रार्थना. एक वचन वाचायचं, बायबलवरून नजर उचलायची, आणि तीच गोष्ट आपल्या शब्दांत, आपल्या आजच्या परिस्थितीसकट देवाला सांगायची. मग पुढचं वचन.

१३व्या स्तोत्रावर हे करून पाहा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. तिथे तुमचा स्वतःचा ‘कोठवर’ घाला. ‘प्रभू, दोन वर्षं झाली, मुलाला काम नाही. तू विसरलास का?’ तिसऱ्या-चौथ्यात मागणं आहे; तिथे नेमकं मागा, ‘सगळं नीट कर’ असं मोघम नको. पाचव्या-सहाव्यात भरवसा आहे: मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. परिस्थिती बदललेली नसते, तरी स्तोत्र तिथवर पोहोचतं. तुम्हाला त्या दिवशी तिथवर पोहोचता आलं नाही, तर खोटं म्हणू नका. ‘हे मला अजून म्हणवत नाही, म्हणायला शिकव’ असं सांगा आणि ते वचन तरीही मोठ्याने वाचा.

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. तक्रार करणं म्हणजे अविश्वास, असं लहानपणापासून मनावर ठसलेलं असतं, म्हणून भाविक पहिली चार वचनं घाईने ओलांडून थेट पाचव्यावर उडी मारतात. मग भरवशाचे शब्द तोंडातच राहतात. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्यापुढे कुणी मन मोकळं करत नाही. ६२व्या स्तोत्राचं आठवं वचन या दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगतं: ‘त्याच्यावर सर्वदा भाव ठेवा, त्याच्यापुढे आपले मन मोकळे करा.’

शेवटची पाच मिनिटं वहीसाठी. डाव्या पानावर तारीख, स्तोत्राचा क्रमांक आणि एक नेमकी मागणी लिहा. उजवं पान कोरं ठेवा. अठ्ठावीस दिवसांनी परत या आणि काय घडलं ते तिथे भरा: झालं, झालं नाही, वेगळंच झालं, अजून वाट पाहतो आहे. ही देवाच्या हिशेबाची वही नाही. पण ती नसेल तर मिळालेलं आपण आठवड्यात विसरतो आणि न मिळालेलं वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो.

उठण्याआधी एक छोटं वचन निवडून बरोबर घ्या. चहाच्या वेळी, बसच्या रांगेत, जेवणाआधी ते म्हणा. ३७:५ (३७व्या स्तोत्राचं पाचवं वचन) यासाठी फार चांगलं आहे: ‘आपला जीवितक्रम परमेश्वरावर सोपवून दे, त्याच्यावर भाव ठेव म्हणजे तो तुझी कार्यसिद्धी करील.’

अभंगात बसवून पाहा

मराठी ख्रिस्ती माणसाच्या हाती एक वारसा आहे आणि तो फक्त रविवारच्या गायनापुरता ठेवणं हे नुकसान आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) येशूची भक्ती अभंगात आणली, कारण मराठी मन अभंगात सहज प्रार्थना करतं. तुम्ही कवी नसलात तरी एखादं वचन अभंगात बसवण्याचा प्रयत्न करा. मोठ्या अभंगाचा साचा असा: चार चरण, पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांच्या शेवटी यमक. जोडाक्षर एकच मोजायचं. १३१वं स्तोत्र तीनच वचनांचं आहे. त्यातली पहिली दोन अशी उतरतील:

मन ना चढेल । दृष्टी न उन्मत्त ।
झाले शांत चित्त । तुझ्यापाशी ॥

आईपाशी बाळ । दूध तुटलेले ।
तैसे निवलेले । माझे मन ॥

अक्षरं मोजताना प्रत्येक शब्दावर थांबावं लागतं. ‘दूध तुटलेलं’ बाळच का, अंगावर पिणारं का नाही, हा प्रश्न तेव्हा पडतो. पिणारं बाळ दुधासाठी आईकडे झेपावतं. दूध तुटलेलं बाळ काही न मागता नुसतं तिच्या कुशीत बसतं. असं दहा मिनिटांचं काम मननाला जितकं खोल नेतं तितकं एखादं लांबलचक भाष्यही नेत नाही.

कुठे बिघडतं

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन देवाचं उत्तर मानायचं, ही सवय सोडा. वचन त्याच्या अध्यायात वाचायचं असतं. ९१व्या स्तोत्राचं हेच होतं; ते गाडीत चिकटवलं जातं, उशाशी ठेवलं जातं, जणू संरक्षणाचा ताईत. पण मत्तय ४:६ पाहा. देवदूत तुला हातांवर झेलतील हे याच स्तोत्राचं वचन सैतान येशूला ऐकवतो आणि मंदिराच्या शिरावरून उडी टाक म्हणतो. येशू अनुवाद ६:१६ ने उत्तर देतो: आपला देव परमेश्वर याची परीक्षा पाहू नको. म्हणून देवावरच्या भरवशाखातर मधुमेहाची गोळी बंद करू नका, डॉक्टरांकडे जाणं टाळू नका. पौलाचा प्रिय सोबती लूक स्वतः वैद्य होता (कलस्सै ४:१४).

शापाची स्तोत्रं, म्हणजे १०९वं किंवा १३७व्याचा शेवट, पहिल्या महिन्यात घेऊ नका. पुढे ती येतील तेव्हा इतकं लक्षात ठेवा: स्तोत्रकर्ता सूड स्वतः घेत नाही, आपला राग देवाच्या न्यायासनापुढे ठेवतो आणि तिथेच सोडतो. रोम १२:१९ हेच सांगतं. मग मत्तय ५:४४ वाचून त्या माणसासाठी नाव घेऊन प्रार्थना करा.

३२वं आणि ५१वं स्तोत्र पापकबुलीचं आहे. तिथे ‘मी पापी आहे’ एवढ्यावर भागवू नका. काय केलं ते नाव घेऊन सांगा. कुणाचं देणं लागत असाल, कुणाची माफी मागायची असेल, तर वहीत तारखेसह लिहा आणि त्या आठवड्यात करा. तेवढं राहिलं तर पुढची स्तोत्रं जड जातात.

काही दिवस काहीच जाणवणार नाही. चार-पाच दिवस असे गेले तर वेळ निम्मा करा, पण बसणं सोडू नका, आणि ८८वं वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी भरवशाची ओळही नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि त्याची सुरुवात ‘माझ्या उद्धारक देवा’ अशी आहे. कोरडेपणा आठवड्यांनी लांबला, झोप-भूक उडाली किंवा जगणंच नको वाटू लागलं, तर पाळकांना किंवा धर्मगुरूंना सांगा आणि डॉक्टरांनाही भेटा. एकट्याने सोसत बसू नका. स्तोत्रं मुळात मंडळीने मिळून म्हणायची आहेत. आठवड्यातून एकदा घरात दोघांनी तरी एकेक वचन आळीपाळीने वाचावं.

रात्री पाच मिनिटं पुरे. ४थ्या स्तोत्राचं आठवं वचन म्हणा, दिवसातली एक गोष्ट आठवून आभार माना, आणि उद्याची जी काळजी सतावते तिचं नाव घेऊन ती देवाच्या हाती द्या.

अठ्ठावीस दिवसांनंतर

आता सगळी स्तोत्रसंहिता घ्या. महिन्याची जी तारीख असेल ते स्तोत्र, मग त्यात तीस-तीस मिळवत जा: ७ तारखेला ७, ३७, ६७, ९७, १२७. पाचही वाचा, पण वर सांगितल्याप्रमाणे प्रार्थना एकातूनच करा. महिनाभरात दीडशे पूर्ण होतात. अडचण फक्त २९ तारखेला येते, कारण त्या दिवशी ११९वं येतं आणि त्यात १७६ वचनं आहेत. ते वेगळं ठेवा. त्याचे आठ-आठ वचनांचे बावीस भाग आहेत; पुढच्या महिन्यात रोज एक भाग घेतला की बावीस दिवसांत ते पुरं होतं.