बोटीच्या लहान डिझेल इंजिनाला पर्यायी ऑइल फिल्टर घेताय? या चुका टाळा

"बसला ना? मग चालतंय." इंजिनापाशी हे वाक्य कानावर पडलं की मी हातातलं काम सोडून आधी तो फिल्टर बघतो. दुसऱ्या कंपनीचा फिल्टर वापरायला माझी अजिबात हरकत नाही. बोटींतली बरीच लहान डिझेल इंजिनं मुळात ट्रॅक्टर, जनरेटरसारख्या यंत्रांच्या इंजिनांवरून बेतलेली असतात, त्यामुळे 'मरीन' छापाचे जादा पैसे न मोजताही उत्तम फिल्टर मिळतो. पण तो पारखून घ्यावा लागतो, आणि नेमका तिथेच लोकांना धीर नसतो.

सगळ्यात घातक चूक आट्यांची. या इंजिनांवर दोन मापं नेहमी भेटतात: एम 20 (20 मिमी व्यासाचं), दीड मिलिमीटर पिचचं (म्हणजे दोन आट्यांतलं अंतर तेवढं), आणि पाऊण इंची, इंचाला 16 आट्यांचं. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिमी आणि त्याचं पिच साधारण 1.59 मिमी. डोळ्यांना फरक कळत नाही. एम 20चा फिल्टर पाऊण इंची स्टडवर (इंजिनावरच्या आट्यांच्या खुंटीवर) सहज फिरतो, गॅस्केट (फिल्टरच्या तोंडाची रबरी कडी) टेकतं, हाताला घट्टही लागतो. आट्यांची पकड मात्र निम्मीसुद्धा नसते.

ओळखीतल्या एकाने शिडाच्या बोटीवर असाच फिल्टर चढवला होता. दुकानात जुन्या फिल्टरचा डबा शेजारी ठेवून उंची जुळवली, तेवढ्यावर खरेदी झाली. धक्क्याला बांधून इंजिन आयडलला चालवलं, थेंबही गळला नाही. मी त्याच्याबरोबर बाहेर पडलो होतो. बंदराच्या तोंडाशी लाट समोरून येऊ लागली तशी त्याने रेस वाढवली. तेल अजून पुरतं तापलं नव्हतं, दाब चढला आणि फिल्टर स्टडवरून निसटला. अलार्म वाजेपर्यंत बहुतेक तेल बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळात, होतं. डबा खाली पडलेला, आतल्या आट्यांच्या कडा सोलून निघालेल्या. त्याने त्या क्षणी इंजिन बंद केलं म्हणून बेअरिंग वाचली, आणि शीड तयार होतं म्हणून आम्ही खडकांपासून लांब राहिलो.

त्यामुळे माझी सवय सांगतो. स्टड व्हर्नियरने मोजायचा. मग फिल्टर काही आटे चढवून, गॅस्केट टेकण्याआधी थांबायचं आणि डबा आडवा हलवून बघायचा. जुन्यापेक्षा जास्त लगलगला तर तो परत. क्रॉस-रेफरन्स तक्त्यात (कुठला फिल्टर कशाला पर्यायी ते सांगणाऱ्या) नंबर जुळला, हा पुरावा मी धरत नाही. काही तक्ते फक्त आटे आणि गॅस्केट जुळवतात, आतल्या व्हॉल्व्हचा विचारच करत नाहीत.

तो आतला विचार दुसऱ्या चुकीत येतो. जागेअभावी बोटीच्या इंजिनावर फिल्टर अनेकदा आडवा, कधी उलटाही असतो. अशा ठिकाणी अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर इंजिन बंद झालं की तेल परत संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, उतरतं. मग सकाळी स्टार्ट केल्यावर ऑइलचा दिवा जास्त वेळ पेटलेला राहतो आणि तेल पोचेपर्यंत खडखड ऐकू येते. लोक लगेच पंपाला दोष देतात. आधी फिल्टरच्या भोकांतून आत बघा, या व्हॉल्व्हचा रबरी पडदा दिसला पाहिजे. साधं नायट्राइल रबर उष्णतेने कडक होतं; मी थोडे जास्त पैसे देऊन सिलिकॉनचा पडदा असलेला घेतो.

बायपास व्हॉल्व्हचंही तसंच; फिल्टरमधून तेल जाईना तर तो त्याला वळसा घालून पुढे सोडतो. काही इंजिनांत तो ब्लॉकमध्ये असतो, काहींत फिल्टरमध्ये. ब्लॉकमध्ये नसेल आणि फिल्टरही बिनव्हॉल्व्हचा घेतला, तर थंड, जाड तेलात किंवा फिल्टर चोंदल्यावर इंजिन तेलावाचून राहील. उघडण्याचा दाब मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा.

"कमी मायक्रॉन म्हणजे चांगला" हेही खरं नाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). किती मायक्रॉनचे कण किती टक्के अडतात, हे दोन्ही आकडे एकत्र हवेत. ऑइल फिल्टरच्या आयएसओ 4548-12 या प्रमाण चाचणीचा आकडा दिला असेल तर तुलना करता येते. नुसता '10 मायक्रॉन' वाचून काही कळत नाही.

जुनं गॅस्केट इंजिनाला चिकटून राहतं आणि त्यावर नवं बसतं. नवा फिल्टर चढवण्याआधी त्या जागेवर हाताचं बोट फिरवून बघा, प्रत्येक वेळी.

डिझेल फिल्टर आणि ऑइल फिल्टरचे डबे सारखे दिसतात. लेबल वाचा.

पाना लावून आवळू नका. गॅस्केटला तेल लावायचं, ते टेकल्यावर हाताने साधारण पाऊण फेरा, किंवा डब्यावर लिहिलंय तेवढं.

खाऱ्या हवेत रंगाचा पातळ थर असलेला डबा लवकर गंजतो आणि गंजून भोक पडलेला डबा मी पाहिलाय. वर पाण्याचा पंप किंवा होज ठिबकत असेल तर आधी ते थांबवा, मग डबा तेलकट फडक्याने पुसून ठेवा. मी डब्यावर मार्करने तारीख आणि इंजिनाचे तास लिहितो.

मोठा डबा बसवलात तर तेलही जास्त लागेल. इंजिन चालवून, बंद करून, थोडं थांबून डिपस्टिक पुन्हा बघा आणि गॅस्केटभोवती कोरडं फडकं फिरवा. ही पाच मिनिटं द्यायची नसतील तर त्या दिवशी फिल्टर बदलायला घेऊच नका.