समुद्रतळाच्या दगडात डोंगर वाचताना या चुका टाळा

पावसाळा सरला की माझ्या फोनवर दगडांचे फोटो येऊ लागतात. कुणाला सड्यावर सापडलेला, कुणाला वहाळात, कुणाला पुळणीवर. खाली प्रश्न ठरलेला: "सर, हा खोल समुद्रातला चर्ट ना? यात रेडिओलॅरिया दिसतील?" चर्ट म्हणजे सिलिकेचा, म्हणजे गारेच्या द्रव्याचा, कठीण दगड; रेडिओलॅरिया म्हणजे समुद्रात तरंगणारे सूक्ष्म जीव, त्यांची कवचंही सिलिकेची. फोटोतली मात्र बहुतेक वेळा गारगोटी असते. बेसाल्टच्या पोकळीत पाण्याने साठवलेली सिलिका. सूक्ष्मदर्शकाखाली डोळे फोडले तरी त्यात कवच मिळायचं नाही.

डोंगर दिसला की तो समुद्रतळ दुमडून वर आलेला असणार, असं आपण धरून चालतो. हिमालयाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे, सह्याद्रीच्या बाबतीत नाही. कोकणातला बहुतेक काळा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि सह्याद्री ही त्या पठाराची झिजत मागे सरकलेली कड. लाव्हाच्या थरांमध्ये कुठे कुठे गाळही सापडतो. मुंबईत वरळीच्या अशाच थरात बेडकांचे जीवाश्म मिळाले. आता बेडूक खोल समुद्रात कुठला! तो गाळ गोड्या पाण्याचा.

कवचाचं वय म्हणजे डोंगराचं वय नव्हे

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. लडाखमध्ये भारत आणि आशिया जिथे सांधले गेले, त्या पट्ट्यात रेडिओलॅरियाचा चर्ट मिळतो. ती कवचं क्रिटेशस काळातली (सुमारे १४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीची), आणि दोन खंडांची धडक साधारण ५ कोटी वर्षांपूर्वीची. जीव कधी मरून तळाला गेला, एवढंच कवच सांगतं.

डोंगराची चाहूल लागते ती थरांच्या क्रमातून. तळाला उशांसारखे गोळे झालेला बेसाल्ट, त्यावर चर्ट, आणि त्यावर वाळू-चिखलाचे थर. चर्ट हजार वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर साठतो, तोही किनाऱ्यापासून इतक्या लांब की वाळू पोचतच नाही. त्यावर अचानक वाळू येऊ लागली, तर तो समुद्रतळ सरकत सरकत जमिनीजवळच्या खंदकाशी, म्हणजे समुद्रतळ जिथे जमिनीखाली सरकतो त्या खोल चराशी, आला असं समजायचं. म्हणून नमुना घ्यायचा तो वाळूच्या अगदी खालचा. चर्टच्या मधलाच तुकडा उचललात तर उत्तर कोट्यवधी वर्षांनी चुकू शकतं.

जपानमध्ये हे घडून गेलंय. चुनखडकातल्या जुन्या जीवाश्मांवरून तिथले काही पट्टे पर्मियनच्या (सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या) आसपासचे मानले जात. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून भोवतालच्या चिखलखडकातले रेडिओलॅरिया तपासले गेले, तर ते ज्युरासिक, म्हणजे सुमारे २० ते १४.५ कोटी वर्षांपूर्वीचे निघाले! चुनखडकाचे ते तुकडे पाहुणे होते. पडक्या वाड्याचे चिरे नव्या गडग्याला लावले म्हणून गडगा काही वाड्याच्या वयाचा होत नाही.

आपल्या अरबी समुद्रातही हा घोटाळा आहे. २०१५ साली समुद्रतळ खोदणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाच्या (IODP) ३५५व्या मोहिमेत लक्ष्मी खोऱ्यात, म्हणजे समुद्राखालच्या एका खोलगट भागात, किनाऱ्यापासून ४०० किलोमीटरहून जास्त दूर, साडेतीन किलोमीटरहून खोल पाण्यात तळ खोदला. हिमालयातून सिंधूने आणलेल्या गाळाखाली ३०० मीटरहून जाड घसरणीचा ढिगारा लागला. सुमारे १.०८ कोटी वर्षांपूर्वी भारताचा पाणबुडा उतारच कोसळला होता. शास्त्रज्ञांनी त्याला नटराज हे नाव दिलं. उथळ पाण्यातला चुनखडक आणि जुनी कवचं, सगळी त्यात सरमिसळ. अशा ठिकाणी वय ठरवायचं ते सर्वांत तरुण कवचावरून.

आणि समुद्रातला सगळा चिखल हिमालयाच्या नावावर मांडू नका. चिखलातल्या मातीच्या खनिजांकडे बघा. त्यात स्मेक्टाइट जास्त असेल तर संशय आपल्याच दख्खनच्या बेसाल्टवर घ्यावा; इलाइट आणि क्लोराइट ही हिमालयाकडची खूण.

दगड व्हिनेगरमध्ये घालू नका

कवचं सुटी करायला हा उपाय कुणीतरी सुचवतोच. फोरॅमिनिफेरा या दुसऱ्या सूक्ष्म जीवांची कवचं बहुधा चुन्याची, ती विरघळून जातात. चर्टवर व्हिनेगरचा काहीच परिणाम होत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत जे हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात ते जिवावर बेतू शकतं, घरी त्याचा विचारही नको. दगड ओला करा आणि दहापट भिंगातून बघा. रेडिओलॅरिया असतील तर बारीक ठिपके दिसतात.

चुन्याची कवचं नाहीत म्हणजे तिथे जीवच नव्हते, असंही नाही. साधारण ४ ते ५ किलोमीटरच्या खाली चुना पाण्यातच विरतो. म्हणजे कवचं नसणं हीसुद्धा खोलीची खूण असू शकते.

लडाखला निघालेल्यांसाठी आणखी एक. दुमडलेल्या डोंगरात थर उलटे पडलेले असू शकतात. वाळूच्या थरात जाड कण कोणत्या बाजूला आहेत ते आधी बघा, बहुधा ती मूळची खालची बाजू. मग दगडावर वरच्या बाजूची खूण करा, शेजारी मापासाठी नाणं ठेवून फोटो काढा, आणि नंतरच हातोडा उचला. एकदा तुकडा पिशवीत गेला की वर-खाली कळायला मार्ग नसतो.