देवाजवळ राहायचं तर: वेळ, वही आणि घरातली मराठी

प्रार्थनेला बसलं की मन भरून यायला हवं, डोळ्यांत पाणी यायला हवं, अशी अपेक्षा धरून बरेच जण सुरुवात करतात. चार दिवस तसं होतं, पाचव्या दिवशी होत नाही, आणि सहाव्या दिवशी बायबल कपाटात जातं. देवाशी जवळीक सहवासाने येते. सहवासाला ठरलेली वेळ लागते, बसायची जागा लागते आणि मनातलं बोलता येईल अशी भाषा लागते. इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांत या तिन्ही गोष्टी थोड्या वेगळ्या पद्धतीने जुळवाव्या लागतात.

वेळेपासून सुरुवात करू. ‘सवड मिळाली की बसू’ असं म्हटलं की ती सवड कधीच मिळत नाही. रोज न चुकता घडणारी एखादी गोष्ट धरा आणि तिला प्रार्थना बांधा. सकाळचा पहिला चहा सगळ्यांत सोयीचा: चहा गाळला, कप घेऊन खुर्चीत बसलं, वही उघडली. नळाच्या वेळेला बांधू नका. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं अशा वस्तीत एक दिवस शांतपणे बसता येतं आणि दुसऱ्या दिवशी हातात बादल्या असतात. दिवसाआडची सवय टिकत नाही. कचरागाडीचं गाणं वाजायच्या आत आटोपेल अशी वेळ असली तर उत्तम, कारण ते गाणं सुरू झालं की घरातलं प्रत्येक माणूस उठून काहीतरी विचारायला लागतं. पहाटे अंधार असतानाच येशू उठून एकांतात प्रार्थनेला गेला, असं मार्कच्या पहिल्या अध्यायात (1:35) आहे. आदला सगळा दिवस लोकांच्या गर्दीत गेला होता, हे त्याच्या वरच्याच ओळींत वाचायला मिळतं.

किती वेळ? सुरुवातीला पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नको. दोन मिनिटं नुसतं गप्प बसणं, सहा मिनिटं वाचन, दोन मिनिटं लिहिणं, पाच मिनिटं प्रार्थना. उत्साहाच्या भरात एक तास ठरवणाऱ्यांचं तिसऱ्या आठवड्यात काय होतं ते कुठल्याही पाळकाला, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूला, विचारा. पंधरा मिनिटं तीन महिने टिकली की वेळ आपोआप वाढते. पीथमपूरच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणाऱ्यांना घरी बसणं जमणार नाही. त्यांनी आदल्या रात्री वाचून एक वचन कागदावर उतरवावं, खिशात ठेवावं आणि कंपनीच्या बसमध्ये तेच मनात घोळवावं. हेही पूर्ण बसणंच आहे, कमी प्रतीचं नाही.

जागा एकच असावी, भिंतीकडे तोंड करून. दोन खोल्यांच्या घरात एकांत म्हणजे पलंगाची कड किंवा गच्चीचा जिना, चालेल. मोबाइल दुसऱ्या खोलीत. ‘ॲपमध्येच बायबल आहे’ हे खरं, पण वाचता वाचता वर एक निरोप चमकतो आणि पुढची सात मिनिटं सोसायटीच्या ग्रुपमध्ये जातात. छापील मराठी बायबल घ्या, पन्नाशी उलटली असेल तर मोठ्या टाइपाचं, आणि गजरासाठी साधं घड्याळ.

आता भाषेचं. इथे जरा थांबावं लागेल, कारण आपल्या शहरात खरी अडचण इथेच आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन 1877 मध्ये इंदूरला आलं. 1887 मध्ये सुरू झालेलं इंदूर ख्रिश्चन कॉलेज त्याचंच. मिशनचं काम प्रामुख्याने हिंदीत चाललं. मराठी उपासनेची परंपरा वाढली ती तिकडे मुंबई-नगरकडे, अमेरिकन मराठी मिशनच्या आसऱ्याने. म्हणून इंदूरचा मराठी ख्रिस्ती माणूस रविवारी हिंदीत गातो, हिंदीत उपदेश ऐकतो आणि घरी आईशी मराठीत बोलतो. प्रार्थनेला बसला की तोंडातून ‘हे पिता परमेश्वर, हम तेरा धन्यवाद करते हैं’ हे बाहेर पडतं, कारण तसंच ऐकलेलं असतं. ती वाक्यं चुकीची नाहीत. पण ती इतकी पाठ असतात की तोंड बोलत राहतं आणि मन सराफ्यात फिरून येतं.

उपाय सोपा आहे. खासगी प्रार्थना घरच्या मराठीत करा, अगदी भाजी घेताना बोलता त्या मराठीत, मध्ये हिंदी शब्द आले तरी येऊ द्या. ‘देवा, पोराच्या फीची सोय होत नाहीये, मला भीती वाटतेय’ ही पूर्ण प्रार्थना आहे. आपल्या भाषेत आईला ‘तू’ म्हणतात आणि देवालाही ‘तू’. ती सलगी वापरा. नारायण वामन टिळकांनी (1861–1919) ख्रिस्ताला माऊली आणि गुरू मानून जी भजनं रचली ती ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती भजनांच्या पुस्तकात आहेत. संध्याकाळी त्यांतलं एखादं टाळ्यांवर म्हटलं तरी घराला मराठी उपासनेची चव लागते. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षं मूळ भाषांवरून मराठी बायबल करण्यात घालवली, ते साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून.

दोन भाषा हाताशी आहेत याचा फायदाही घ्या. स्तोत्र 23 मराठीत वाचा: ‘मला काही उणे पडणार नाही.’ हिंदीत तेच ‘मुझे कुछ घटी न होगी’ होतं. किंवा प्रभूची प्रार्थना घ्या. मत्तय 6 मध्ये मराठीत आपण म्हणतो, आमची ‘ऋणे’ सोड. हिंदीत तिथे ‘अपराध’ आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ऋणच. ऋण म्हटलं की कोणाचं काय देणं राहिलंय हे डोळ्यांसमोर येतं: बहिणीला न केलेला फोन, कामवालीचे राहिलेले पैसे. कबुलीची वेळ आली की या शब्दापाशी मिनिटभर थांबायचं.

रविवारी मराठी बायबल बरोबर न्या, पण पुस्तकांची नावं वेगळी असल्याने गोंधळ होतो. मागच्या कोऱ्या पानावर एवढं लिहून ठेवा: भजन संहिता म्हणजे आपली स्तोत्रसंहिता, नीतिवचन म्हणजे नीतिसूत्रे, सभोपदेशक म्हणजे उपदेशक, श्रेष्ठगीत म्हणजे गीतरत्न, गिनती म्हणजे गणना, व्यवस्थाविवरण म्हणजे अनुवाद, प्रेरितों के काम म्हणजे प्रेषितांची कृत्ये, प्रकाशितवाक्य म्हणजे प्रकटीकरण. ‘अनुवाद’वर सगळेच अडतात. ते भाषांतर नव्हे, बायबलच्या सुरुवातीला असलेल्या मोशेच्या पाच पुस्तकांतलं शेवटचं.

वाचनाची सुरुवात उत्पत्तीपासून करू नका. बायबलमध्ये 1,189 अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीनहून थोडे जास्त होतात. 1 जानेवारीला निघालेला माणूस उत्पत्तीचे 50 आणि निर्गमचे 40 अध्याय संपवून महिनाअखेरीला लेवीयात पोचतो, आणि होमार्पणांच्या नियमांत त्याची गाडी रुतते. चार दिवस चुकले की बारा-तेरा अध्याय तुंबतात, मग वाचन म्हणजे थकलेला हप्ता वाटायला लागतो. मार्कचं शुभवर्तमान घ्या. 16 अध्याय, रोज अर्धा, महिन्याभरात होतं. जोडीला रोज एक स्तोत्र. 119 वं स्तोत्र 176 ओव्यांचं आहे. त्याचे आठ-आठ ओव्यांचे 22 भाग पडतात, रोज एक भाग घ्या. अशाने साडेपाच महिन्यांत स्तोत्रसंहिता एकदा पूर्ण होते.

वाचायचं कसं ते एका उताऱ्यावर पाहू. मार्क 10:46–52, यरीहोच्या रस्त्यावरचा आंधळा बार्तीमय. पहिल्यांदा मोठ्याने वाचा, कानाला ऐकू येईल असं. दुसऱ्यांदा सावकाश, आणि कोण काय करतंय तेवढंच बघा: तो ओरडतो, लोक त्याला गप्प करतात, तो आणखी मोठ्याने ओरडतो, येशू थांबतो. पन्नासाव्या ओवीत तो आपलं वस्त्र टाकून उठतो. रस्त्यावर भीक मागणाऱ्या माणसाकडे अंगावरच्या त्या वस्त्राशिवाय दुसरं काय असणार? तिसऱ्यांदा वाचताना येशूच्या प्रश्नापाशी थांबा. समोर आंधळा उभा आहे, त्याला काय हवं हे उघड आहे, तरी येशू त्याला विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावं. तोच प्रश्न आपल्याला विचारला आहे असं धरून उत्तर वहीत लिहा. एकच ओळ, खरी. ‘सर्वांचं भलं कर’ हे उत्तर नाही. ‘भावाशी बोलण्याची हिंमत दे’ हे उत्तर आहे. मग त्या ओळीवरूनच प्रार्थना सुरू करा. वेगळा विषय शोधावा लागत नाही.

मागण्यांसाठी वहीच्या शेवटी सात पानं राखा, वारांची. सोमवारी घरचे, मंगळवारी शेजारी, बुधवारी कामावरचे, पुढचे वार तुमच्या सोयीने. पानावर पाचापेक्षा जास्त नावं नकोत. नावापुढे तारीख आणि नेमकं काय मागितलं ते. सहा महिन्यांनी ती पानं चाळली की कशाचं उत्तर कसं आलं ते दिसतं, आणि कित्येकदा आपली मागणीच मध्ये बदलून गेलेली दिसते.

कबुली मोघम करू नका. ‘माझी सगळी पापं क्षमा कर’ म्हणून काही हलकं होत नाही. काल दुपारी कोणाशी काय बोललो, ते शब्दांसकट सांगायचं. आणि ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याशी आधी समेट कर, मग वेदीपाशी ये, हे मत्तय 5:23–24 मधलं सांगणं अक्षरशः घ्या. प्रभुभोजनाच्या रविवारी हे सकाळी आठवून उपयोग नाही. फोन शनिवारी रात्री करायचा.

उपासाबद्दल थोडं. आपल्या शहरात उपास म्हटला की साबुदाण्याची खिचडी समोर येते. बायबलमधला उपास म्हणजे जेवणच सोडणं. पहिल्यांदा एकाच जेवणाचा करा, पाणी पीत राहा, आणि जेवणाची ती वीस-पंचवीस मिनिटं प्रार्थनेला द्या. ती ऑफिसच्या कामात गेली तर तो उपास झाला नाही, नुसती उपासमार झाली. वाचलेले पैसे कोणाच्या तरी ताटात जाऊ द्या, यशया 58 हेच सांगतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर बायांनी जेवण सोडू नये. त्यांनी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या, 40 दिवसांत टीव्ही सोडावा.

कोरडे दिवस येतात. वाचलेलं आत शिरत नाही, प्रार्थना छताला लागून परत येते. तेव्हा लगेच ‘माझा विश्वास कमी पडला’ असं म्हणू नका; क्रमाने तपासा. पहिली झोप. 1 राजे 19 मध्ये एलीया झुडपाखाली ‘आता मरण दे’ म्हणतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. त्यानंतर कुठे देवाशी बोलणं होतं. दुसरं, कोणाशी भांडण चालू आहे का. तिसरं, काही लपवलेलं आहे का, ज्याच्या जवळ जायची प्रार्थनेत भीती वाटते. चौथं, एकटेपणा. चारही नसेल तर स्तोत्र 13 किंवा 88 मोठ्याने वाचा. 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळ नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. मात्र दोन आठवडे झोप, भूक, कामातला रस सगळंच गेलं असेल तर पाळकांबरोबर डॉक्टरांनाही भेटा. औषध घेणं म्हणजे अविश्वास नव्हे. तो अविश्वास आहे असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

एकट्याने हे फार दिवस चालत नाही. दोन-तीन मराठी घरांनी आठवड्यातून एकदा तासभर जमावं: एक भजन, एक उतारा, प्रत्येकाची एक मागणी. खायला फक्त चहा. पोहे आले की पुढच्या वेळी कचोरी येते, मग यजमानीणबाई पूर्ण वेळ स्वयंपाकघरात, आणि हळूहळू घरं कमी होतात. दुसरा धोका जास्त वाईट: ‘प्रार्थनेसाठी सांगते हं’ म्हणत दुसऱ्याच्या घरातलं उघडं करणं. मागणी स्वतःचीच सांगायची, किंवा ज्याची आहे त्याला विचारून.

रात्री पाच मिनिटं, दिवा मालवण्याआधी: आज कुठे देवाचा हात दिसला, कुठे आपण तोंड फिरवलं. स्तोत्र 4 छोटं आहे, आठ ओव्यांचं, झोपण्यापूर्वीचं. घरात आजी असतील आणि त्यांना वाचायला दिसत नसेल तर त्यांच्या उशाशी बसून तेच मोठ्याने वाचा. दोघांचं एकदम होतं.

आणि खंड पडेल. लग्नसराई, परीक्षा, आजारपण, काहीतरी येईलच. परत बसाल तेव्हा राहिलेले दिवस मोजू नका, राहिलेलं वाचन भरून काढू नका. खूण जिथे आहे तिथूनच पुढे वाचा. वहीत मध्ये कोरी पानं सोडू नका. शेवटच्या ओळीच्या खालीच आजची तारीख टाका आणि लिहा.