परदेशातल्या चर्चच्या मंडळीशी नातं जोडताय? या चुका टाळा

अमेरिकन मराठी मिशन ही ख्रिस्ती मिशनऱ्यांची संस्था १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला आली. पैसा तिकडून यायचा, अहवाल इकडून जायचा. ती सवय अजून आपल्या अंगातून गेलेली नाही. जर्मनीतल्या किंवा इंग्लंडमधल्या एखाद्या मंडळीशी नातं जुळलं की पास्टरेट कमिटीच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, पहिल्याच सभेत यादी तयार होते: छत गळतंय, माइक जुना झालाय, कंपाउंडची भिंत पडायला आलीय. पहिल्याच पत्रात ती यादी पाठवणं ही सगळ्यात मोठी चूक. त्या यादीनंतर समोरची मंडळी दाता होते आणि आपण अर्जदार. पुढची कितीही वर्षं गेली तरी हे बदलणं फार जड जातं.

१९६३ मध्ये टोरांटोला भरलेल्या जागतिक अँग्लिकन परिषदेने हेच मांडलं होतं: देणारे आणि घेणारे ही वाटणी संपवा, जबाबदारी परस्परांची माना. ते करून दाखवणारे लोकही आहेत. टांझानियातल्या इरिंगा धर्मप्रांतातल्या आणि अमेरिकेतल्या सेंट पॉल परिसरातल्या लुथरन मंडळ्या १९८७ पासून ‘बेगा क्वा बेगा’, म्हणजे खांद्याला खांदा, या नावाने जोडलेल्या आहेत. तिथे मुलांच्या शिक्षणाला मदत होते, पण एकमेकांसाठी प्रार्थना आणि भेटीगाठी हाही त्या नात्याचा पायाच आहे.

म्हणून पहिलं वर्षभर पैशाचा विषय काढूच नका. त्यांच्या आजारी माणसांची नावं मागवा, रविवारच्या उपासनेत ती घ्या आणि घेतली असं कळवा. पेटी-तबल्यावरचं एक भजन रेकॉर्ड करून पाठवा. थेट ऑनलाइन एकत्र उपासनेचा घाट मात्र घालू नका. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ म्हणजे हिवाळ्यात लंडनला पहाटेचे चार.

पाळकसाहेबांच्या (पास्टरांच्या) खात्यावर पैसे नकोत

“साहेबांच्या खात्यावर टाका, लवकर मिळतील,” असं कुणी सुचवलं तर तिथेच थांबवा. मंडळीच्या कामासाठी परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखाली, नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली एक संस्था ते पैसे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. तेव्हा ‘डायोसिसकडे (धर्मप्रांताकडे) मागवू आणि आपल्या ट्रस्टकडे वळते करू’ हा जुना मार्ग बंद झाला आहे. सभेआधी सीएला विचारा आणि तिकडच्यांनाही हे स्पष्ट लिहून कळवा, नाहीतर उशीर का होतोय हे त्यांना समजणार नाही. बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ८ व्या अध्यायात प्रेषित पौल यरुशलेमसाठीची वर्गणी एकट्याच्या हाती ठेवत नाही. कुणी दोष लावू नये म्हणून बरोबर माणसं देतो. आपणही हिशेबावर किमान दोघांच्या सह्या ठेवाव्यात.

पाहुण्यांना उपदेशाला उभं करू नका

पाहुणे आले की त्यांना पुलपिटवर बोलावणं आपल्याला मानाचं वाटतं. पण पर्यटक व्हिसावर आलेल्याला उपासनेला बसता येतं, धर्मोपदेश करता येत नाही. उपासनेच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘संदेश’ (म्हणजे प्रवचन) या शब्दापुढे त्यांचं नाव छापलं तर अडचणीत तेच येतील. हार-शालीचे सत्कार कमी करा, लोकांच्या घरी जेवायला पाठवा. भाकरी थापणाऱ्या मावशींशेजारी बसून झालेल्या गप्पा त्यांच्या जास्त लक्षात राहतील.

पत्रव्यवहार बंद पडला तर

बहुतेक वेळा कारण साधं असतं: पाळकांची बदली झाली आणि सगळे ईमेल त्यांच्या खाजगी पत्त्यावर राहिले. मंडळीच्या नावाचा वेगळा ईमेल काढा, एक ज्येष्ठ आणि दोन तरुण अशा तिघांकडे तो द्या, आणि नव्या पाळकांना चार्ज देताना ही फाइलही सोपवा. तिकडूनच उत्तर येत नसेल तर लगेच मन खट्टू करून घेऊ नका. तिथेही हे काम पाहणारी माणसं बदलतात. काहीही न मागता चार ओळींचं पत्र लिहा: मंडळीत कोण वारलं, कोणाचं लग्न झालं, पाऊस कसा झाला.

आणि आलेला पैसा ठरल्याप्रमाणे खर्च झाला नसेल, काम अडकलं असेल, तर त्यांनी विचारण्याआधी तुम्हीच सांगा, उरलेली रक्कम आणि बिलांचे फोटो यांसह.