टक्के विचारू नका, रुपये मांडा

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी बावीस वर्षं पगारपत्रक करतेय. दर एप्रिलला माझ्या टेबलापाशी तोच प्रश्न येतो, "बेन, या वर्षी किती टक्के?" मी सांगते, आठ. माणूस मान हलवतो आणि मशीनवर परत जातो. साहेबांनाही आठच टक्के मिळाले असं कुणी सांगितलं, तर त्याला वाटतं, चला, सगळ्यांना सारखंच. पण सात लाखांवर आठ टक्के म्हणजे ५६ हजार आणि सात कोटींवर आठ टक्के म्हणजे ५६ लाख. हे त्यानं स्वतःच्या हातानं कागदावर मांडलं, तरच त्याला पटतं.

माझा भाचा आयटीआय फिटर आहे. शहराबाहेरच्या एका मोठ्या कंपनीत ठेकेदाराकडून लागलाय. जानेवारीत तो दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पगाराची चिठ्ठी घेऊन आला आणि म्हणाला, "मावशी, बाबा हेच काम करत होते. मग आमचं घर मागे का चाललंय?" त्या रात्री आम्ही दोघांनी एका पानावर हिशेब मांडला. तो कुणालाही मांडता येईल. त्यासाठी आत्ताची चिठ्ठी हवी, दहा वर्षांपूर्वीची एक जुनी चिठ्ठी हवी (स्वतःची नसेल तर घरातल्या कुणाची तरी), मोबाइल हवा आणि तासभर वेळ हवा.

चिठ्ठीतला कुठला आकडा घ्यायचा

इथंच बहुतेक जण चुकतात. हातात येतो तो आकडा घेऊ नका आणि नेमणुकीच्या वेळी सांगितलेला सीटीसीही (कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च) घेऊ नका. सीटीसीत मालकाच्या वाट्याचा पीएफ असतो, कधी ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्केही धरलेले असतात. ते पैसे तुमचेच, पण त्यांवर या महिन्याचा किराणा येत नाही. एकूण पगार घ्या आणि त्यातून ओव्हरटाइम वजा करा.

भाच्याच्या डिसेंबर २०२४च्या चिठ्ठीवर एकूण १७,८७५ होते. रोज ५०० प्रमाणे २६ दिवसांचे १३,०००, हजेरी भत्ता ५०० आणि ओव्हरटाइमचे ४,३७५. पीएफचे १,५६०, ईएसआयसीचे (कामगार विम्याचे) १३५ आणि व्यवसाय कराचे २०० कापून हातात आले १५,९८०. तो सगळीकडे "मला सोळा पडतात" असं सांगतो. ओव्हरटाइमला दुप्पट दर असतो, म्हणून ते ४,३७५ रुपये दिसायला गोड वाटतात. पण ते मिळवायला पोरानं महिन्यात ३५ तास जास्तीचे उभं राहून काढलेत. कामाची खरी किंमत १३,५००. पानावर पहिला आकडा हाच लिहिला.

चिठ्ठी हातात आहेच, तर पीएफ किती रकमेवर कापलाय तेही बघा. कायद्यातली पीएफची पगारमर्यादा (जेवढ्या पगारावर पीएफ कापणं सक्तीचं आहे ती) सप्टेंबर २०१४मध्ये ६,५०० वरून १५,००० झाली आणि त्यानंतर दहा वर्षं ती तिथंच राहिली. म्हातारपणाची शिल्लकही पगारासोबत अशीच मागे पडते.

जुना पगार आजच्या भावात

भाच्याचे बाबा, म्हणजे माझे मेव्हणे, डिसेंबर २०१४मध्ये तशाच कारखान्यात मेंटेनन्सला कायम कामगार होते. ओव्हरटाइम सोडून पगार १८,०००. ती चिठ्ठी माझ्या बहिणीनं रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवली होती.

आता १८,०००चे आजच्या भावात किती, हे काढायला केंद्राच्या श्रम ब्यूरोचा औद्योगिक कामगारांचा महागाई निर्देशांक वापरायचा. तो दर महिन्याला निघतो, ब्यूरोच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो आणि बडोद्याचा आकडा वेगळाही देतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. जुनी मालिका २००१ साल १०० धरून होती, नवी २०१६ साल १०० धरून आहे. म्हणून देशाच्या नव्या आकड्याला २.८८नं गुणल्याशिवाय (शहरांचे गुणक वेगळे असतात) जुन्याशी तुलना करू नका. माझ्या ओळखीचे चांगले शिकलेले लोक हे विसरतात आणि महागाई कमी झाली असं सांगत बसतात.

देशाचा आकडा डिसेंबर २०१४ला २५३ होता. डिसेंबर २०२४ला नव्या मालिकेत १४३.७, म्हणजे २.८८नं गुणून सुमारे ४१३.९. या ४१३.९ला २५३नं भागलं की १.६३६ येतात. १८,००० गुणिले १.६३६ म्हणजे सुमारे २९,४००.

मेव्हण्यांना २०१४ला जे मिळत होतं ते नुसतं टिकवायला डिसेंबर २०२४ला २९,४०० हवे होते. त्याच कामाचे पोराला मिळतात १३,५००, निम्म्याहूनही कमी. भाच्यानं तो भागाकार मोबाइलवर तीनदा केला. माझी बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती काहीच बोलली नाही.

ज्यांच्या घरात शाळेची फी आणि भाडं हेच मोठे खर्च आहेत, त्यांनी सरकारी निर्देशांकावर थांबू नये. त्यात खाण्यापिण्याला ३९.१७ टक्के वजन आहे आणि घराला १६.८७. स्वतःच्या घरातले पाच मोठे खर्च तेव्हा किती होते आणि आता किती आहेत, ते शेजारी लिहा. आमचं भाडं दहा वर्षांत ६,५०० वरून १३,००० झालं. माझा पगार काही दुप्पट झाला नाही.

साहेबांचा पगार कुठं सापडतो

लोकांना वाटतं, ही गुप्त गोष्ट आहे. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर मुळीच नाही. कंपनी कायदा २०१३, कलम १९७(१२) प्रमाणे अशा प्रत्येक कंपनीला (सरकारी कंपन्या सोडून) दर वर्षी जाहीर करावं लागतं की प्रत्येक संचालकाचा पगार तिथल्या मध्यक कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे. मध्यक म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे एका ओळीत उभं केलं तर बरोबर मधे येणारा माणूस.

कंपनीच्या किंवा शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून वार्षिक अहवाल उतरवून घ्या. अलेम्बिक फार्मा, जीएसएफसी (खतांची कंपनी) अशा आपल्या बडोद्याच्याच कंपन्यांचे अहवालही तिथं मिळतात. अहवाल दोन-तीनशे पानी असतो, सगळा वाचायचा नाही. शोधाच्या चौकोनात 'मीडियन' हा शब्द इंग्रजीत टाका, संचालक मंडळाच्या अहवालाच्या जोडपत्रात एक छोटा तक्ता सापडेल. त्यातून तीन गोष्टी उतरवा: एमडीचा (व्यवस्थापकीय संचालकाचा) पट, एमडीची वाढ आणि मध्यक कर्मचाऱ्याची वाढ. कायम कर्मचारी किती, हेही जवळच लिहिलेलं असतं.

मग टक्क्यांचे रुपये करा. समजा एमडीला सहा कोटी आणि मध्यक पगार साडेसात लाख, म्हणजे ८० पट. दोघांनाही आठ टक्के वाढ मिळाली तर एकाला ४८ लाख, दुसऱ्याला ६० हजार. पट ८०च राहिला, अहवालात सगळं जिथल्या तिथं दिसतं. दरी मात्र एका वर्षात ४७ लाख ४० हजारांनी रुंदावली.

एका वर्षाच्या पटावर निकाल देऊ नका, पाच वर्षांचे अहवाल काढा. एमडी वर्षाच्या मधे बदलला असेल किंवा शेअरचे ऑप्शन (ठरल्या भावात शेअर घेण्याचा हक्क) त्या वर्षी वठवले असतील तर आकडा एकदम उडी मारतो. एमडी सरकारी अधिकारी असेल तर पट लहानच दिसणार.

तक्त्यात जे नाहीत ते

माझ्या मते हे सगळ्यांत महत्त्वाचं. त्या तक्त्यात भाचा नाही. तो रोज त्याच गेटातून आत जातो, तीच यंत्रं दुरुस्त करतो, पण कंपनीच्या हजेरीपुस्तकात नाही. आणि तो नाही म्हणूनच मध्यक चांगला दिसतो.

पूर्वी मी एका कारखान्यात होते. तिथं एका मार्च महिन्यात मला चौदा नावं आमच्या पगारपत्रकातून काढून ठेकेदाराच्या यादीत टाकायला सांगितलं. सोमवारी तीच माणसं त्याच मशीनवर आली, फक्त शर्टाचा निळा रंग जाऊन राखाडी आला. वर्षअखेरच्या सभेत सांगितलं गेलं की आपल्याकडचा पगार चांगला वाढलाय. वाढ कुणाला मिळाली नव्हती. खालची चौदा माणसं मोजणीतून गेली होती आणि ती नोंद माझ्या हातची होती. ते मला अजून टोचतं.

हे कसं होतं, ते कागदावर करून बघा. सात जणांचे पगार १५, १६, १८, २४, ३०, ४५ आणि ६० हजार. मधला २४. खालचे तिघे ठेकेदाराकडे टाका. उरले २४, ३०, ४५, ६०. आता मधे दोघे आले, ३० आणि ४५, म्हणून त्यांची सरासरी धरायची, साडेसदतीस. कुणालाही एक रुपया वाढला नाही, पण मध्यक साडेतेरा हजारांनी वर गेला आणि साहेबांचा पट आपोआप खाली आला.

म्हणून पट बघितला की त्याच अहवालात बीआरएसआर नावाचा भाग (कंपनीच्या सामाजिक आणि पर्यावरणाच्या जबाबदारीची माहिती) उघडा. बाजारमूल्यानं पहिल्या हजार कंपन्यांना तो २०२२-२३पासून सक्तीचा आहे. त्यात कायम कामगार किती आणि कायम नसलेले किती, असे दोन वेगळे आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याला टेकायला आला असेल तर वरच्या पटावर फार विसंबू नका. देशभरच्या कारखान्यांत आज दहांतले चार कामगार ठेक्यावरचे आहेत. कोयलीची रिफायनरी आणि फर्टिलायझरनगर (जीएसएफसीची वसाहत) उभं राहिलं त्या काळात आमच्या काकांनी एका पगारावर मांजलपूरला घर बांधलं. तो मध्यमवर्ग कारखान्याच्या कायम नोकरीतून तयार झाला होता. आज त्या नोकरीचं काम तेच आहे, चिठ्ठी मात्र ठेकेदाराची झाली आहे.

पान तयार झालं, पुढं काय

त्या कंपनीचा एक शेअर घ्या. एका शेअरवरही सभेचं मतदान मोबाइलवर करता येतं. सगळ्यांत जास्त पगाराच्या दहा जणांची यादी छापील अहवालात बहुतेक वेळा नसते, पण भागधारकानं कंपनी सेक्रेटरीला लिहिलं तर ती द्यावी लागते. प्रवर्तक (मूळ मालक) घराण्यातल्या कार्यकारी संचालकाला पाच कोटी आणि नफ्याचे अडीच टक्के यांतल्या मोठ्या रकमेपेक्षा जास्त द्यायचं असेल तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो. तुमच्या एका मतानं तो पडणार नाही, पण विरोधात किती मतं पडली हे जाहीर होतं. युनियन असेल तर मागणीपत्र टक्क्यांत देऊ नका. महागाई भरून काढायला इतके रुपये आणि त्यावर वाढ इतके रुपये, असं वेगळं लिहा. युनियन नसेल तर चार जण मिळून जा, एकट्यानं जाऊ नका.

आणि आपली श्रेणी तपासा. गुजरातनं मार्च २०२३मध्ये किमान वेतन वाढवलं तेव्हा शहरी भागात अकुशल कामगाराला दिवसाला ४५२, अर्धकुशलला ४६२ आणि कुशलला ४७४ ठरले (हे मूळ दर, महागाईचा विशेष भत्ता यावर वेगळा; भाच्याचे रोजचे ५०० तो धरून). दोन वर्षं आयटीआय करून हात तयार केलेल्या माणसाला झाडू मारणाऱ्यापेक्षा दिवसाला फक्त २२ रुपये जास्त. झाडू मारणाऱ्याचे कमी करा असं मी म्हणत नाही, त्यालाही पुरत नाहीत. पण कौशल्याची ही किंमत बघून मला राग येतो. आणि तेवढीही सगळ्यांना मिळत नाही. भाच्याच्या चिठ्ठीवर कोपऱ्यात बारीक अक्षरात 'अर्धकुशल' लिहिलं होतं. फिटरचं प्रमाणपत्र असताना.

दिवसाला १२ रुपयांचा फरक, २६ दिवसांचे ३१२. तो आणखी तिघांना घेऊन ठेकेदाराकडे गेला, सोबत प्रमाणपत्राच्या झेरॉक्स. फेब्रुवारीच्या चिठ्ठीवर 'कुशल' आलं. मागच्या चौदा महिन्यांचे ४,३६८ अजून यायचे आहेत. त्याचा अर्ज मी गुजरातीत लिहून दिलाय, चौघांच्या सह्या झाल्यात, सोमवारी तो कामगार कार्यालयात देणार आहेत.